दिवाळीचा फराळ आणि दातांचे रक्षण

(नागापूर येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चालकांनी या स्नेहसंमेलनात चार शब्द सांगण्यासाठी आम्हांस पाचारण केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानणे आमचे कर्तव्य आहे. ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहखर्च, विद्यार्थी साहाय्यनिधी, तरुणांचे उद्योगधंदे अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. त्या मालिकेत दातांचा विषय काही श्रोत्यांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. घरोघर भाजण्या दळून येत आहेत, साखरेच्या आणि रव्याच्या पिशव्या उतरत आहेत. दंतवैद्याचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यांस अनुभवाने ठाऊक आहे की, शेतकऱ्याची सुगी दिवाळीपूर्वी येते आणि आमची भाऊबीजेनंतर. ही आमची सुगी जितकी बुडेल तितकी बुडावी, एवढ्याच हेतूने आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. गोड किती खाल्ले याला महत्त्व आहेच. परंतु दातांच्या दृष्टीने ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हा प्रश्न फार मोठा आहे. फराळ ताटात वाढून घेऊन खावा, येताजाता डब्यातून खाऊ नये. आमच्या व्याख्यानाचे सार एवढेच. पुढे जे बोलणार आहोत ते असे का, आणि मग घरात काय करावे, याचे विवरण आहे.

आम्ही साखरेस नावे ठेवावयास आलो आहोत, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. आपला अहिल्यानगर जिल्हा, ज्यास आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर अजून नगर जिल्हा हेच नाव आहे, तो साखरेवर उभा राहिलेला जिल्हा आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी उत्तरेकडील तालुक्यांत खेळले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना निघाला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. त्या साखरेच्या पैशातून शाळा निघाल्या, रुग्णालये निघाली. इतकेच काय, त्याच लोणीत पुढे एक दंतवैद्यक महाविद्यालयही निघाले. ज्या गावाने साखर दिली त्याच गावाने दातांचे वैद्यही दिले, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते. साखर आपली आहे, तेव्हा तिच्याशी कसे वागावे हे शिकणेही आपल्याकडेच आले.

आता दात किडतो म्हणजे काय होते, ते पाहू. आपण सहज म्हणतो, ‘दाताला कीड लागली.’ या शब्दामुळे एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दातात खरोखरीच किडा असतो आणि तो दात कुरतडतो, अशी समजूत जगातील बहुतेक देशांत होती. आपल्याकडे दात दुखू लागला की रिंगणीच्या बियांची धुरी देत आणि नंतर भांड्यात पडलेले पांढरे तंतू दाखवून ‘हे पहा किडे’ म्हणून सांगत. ते तंतू बियांतून निघालेले असत, दातांतून नव्हे. फ्रान्समधील पियेर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितले की, सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्यास दातांत किडे आढळले नाहीत. आणि गोड पदार्थांपासून दातांस अपाय होतो हेही त्याने नोंदविले. पुढे १८९० साली विलबी मिलर या संशोधकाने दाखवून दिले की, तोंडातील सूक्ष्म जंतू पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करितात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते.

दाताचे हे पांढरे कवच, ज्यास इंग्रजीत एनॅमल म्हणतात, आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडापेक्षाही ते कठीण असते. परंतु आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. फरशीवर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला तर फरशीची चकाकी जाते, हे आपल्या भगिनींस सांगावयास नको. तसाच प्रकार तोंडात घडतो. दातांवर जे चिकट कीटण साचते त्यात कोट्यवधी जंतू असतात. आपण गोड पदार्थ तोंडात घातला की अवघ्या काही मिनिटांत ते आम्ल तयार करू लागतात आणि कवचातील क्षार सुटू लागतात. खाणे थांबले की लाळ आपले काम सुरू करिते. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत आणून बसविते. या कामास तिला सामान्यतः अर्धा तास ते एक तास लागतो.

या एका गोष्टीत सारे रहस्य आहे. समजा, एका मुलाने सकाळच्या फराळाला दोन लाडू आणि एक करंजी एकदम खाल्ली. दातांवर आम्लाचा हल्ला एकदा झाला. तासाभरात लाळेने तो परतविला. आता समजा, तेच दोन लाडू आणि तीच करंजी त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत येताजाता दहा वेळा तुकडे मोडून खाल्ली. साखर तेवढीच पोटात गेली. परंतु हल्ले दहा झाले आणि लाळेला उसंत म्हणून मिळाली नाही. असे चार-आठ दिवस चालले तर दाताचे मोठे नुकसान दिसून येणार नाही. पण दिवाळीत लागलेली सवय तुळशीच्या लग्नापर्यंत, तेथून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत आणि तेथून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत चालत राहते. कवचावर प्रथम खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत काळजी घेतली तर तो भाग पुन्हा सावरू शकतो. एकदा खड्डा पडला म्हणजे मात्र तो आपोआप भरून येत नाही. तो दंतवैद्यानेच भरावा लागतो.

हे आमचे तर्कशास्त्र नव्हे. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ पासून काही वर्षे या प्रश्नाचा प्रत्यक्ष प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही. परंतु ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खावयास दिली त्यांचे दात झपाट्याने किडले. हे सांगताना आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तो प्रयोग ज्यांच्यावर झाला ते एका आश्रयगृहात ठेवलेले मतिमंद रुग्ण होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी नाही म्हणण्याची त्यांची शक्ती नव्हती. त्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान जगाला मिळाले आहे. निदान ते वाया तरी जाऊ देऊ नये.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्वीच्या दिवाळीत फराळास एक वेळ होती. पहाटे अभ्यंगस्नान झाले, देवापुढे नैवेद्य ठेवला की सारे घर एका पंगतीत फराळास बसे. खाऊन झाले की हात धुवावयाचे, खळखळून चूळ भरावयाची आणि मग फटाक्यांकडे वा पाहुण्यांकडे वळावयाचे. फराळाचे डबे आजीच्या ताब्यात, बहुधा माळ्यावर किंवा कुलपात असत. ही शिस्त दातांसाठी कोणी घातली नव्हती आणि त्या काळचे लोक फार शहाणे होते असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. साखर महाग होती, कित्येक वर्षे ती शिधापत्रिकेवर मोजून मिळे आणि गोडधोड सणालाच होई. गरिबीने जे घडविले त्याचा गौरव करण्याचे कारण नाही. तरीही परिणाम तो परिणामच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेत आणि जपानात साखर दुर्मिळ झाली, तेव्हा तेथील मुलांच्या दातांची कीडही कमी झाल्याचे आढळून आले. आज आपल्या घरी साखरेस तोटा नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. टंचाईने जी शिस्त आपोआप लावली होती ती आता आपण समजून-उमजून लावावयाची आहे.

फराळातील कोणता जिन्नस किती अपायकारक, असे आम्हांस नेहमी विचारण्यात येते. जो पदार्थ दाताला चिकटून बराच वेळ राहतो तो अधिक वाईट, हा सामान्य नियम लक्षात ठेवावा. पाकातल्या शंकरपाळ्या, अनारसे, चिक्की, तोंडात घोळवत ठेवण्याच्या गोळ्या, लक्ष्मीपूजनाचे बत्तासे हे त्या दृष्टीने पहिल्या रांगेत बसतात. चकली, शेव व चिवडा हे तिखट असले तरी त्यांचे पीठ दाढांच्या खाचांत बसते, म्हणून ते खाल्ल्यावरही चूळ भरावी. शेंगदाणे, ओले खोबरे, दूध, पनीर यांपासून भीती नाही. अनेकांची समजूत अशी की, साखर वाईट पण गूळ चांगला. गुळात लोह वगैरे थोडे अधिक असेल. परंतु त्याचा फार मोठा भाग शेवटी साखरच आहे आणि तो अधिक चिकट आहे. जंतूंस गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही. मधाचीही तीच कथा. तान्ह्या बाळाच्या चोखणीला मध लावण्याची चाल तर सर्वस्वी सोडून द्यावी. दातांखेरीज इतरही कारणांनी वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे असते.

तेव्हा दिवाळीसाठी घरात पुढील नियम ठरवावे. फराळ सकाळी व सायंकाळी अशा दोन ठरलेल्या वेळी, ताटलीत वाढून घेऊन करावा. गोड खावयाचे ते शक्यतो जेवणाबरोबरच खावे, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. डबे मेजावर उघडे ठेवू नयेत. पाहुण्यांकडे गेल्यावर नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तेथे एक करंजी घ्यावी आणि पाणी मागावे. यजमानाचा मानही राहतो आणि दातही राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, रात्री झोपण्यापूर्वी दात घासल्यावर पाण्याशिवाय काहीही तोंडात घालू नये.

रात्री दात घासण्याची चाल आपल्या घराघरांतून अजून रुजलेली नाही. सकाळी उठल्याबरोबर तोंड धुण्याचा आपला संस्कार जुना व चांगला आहे. चरक आणि सुश्रुत यांनी दंतधावनाचा विधी सांगितला आहे. बाभूळ, कडुनिंब, खैर यांच्या काड्या आपले पूर्वज वापरीत आले. परंतु झोपेत लाळ कमी सुटते, तोंड कोरडे पडते आणि जंतूंस रान मोकळे मिळते. म्हणून सकाळचे एक वेळ राहिले तरी चालेल, पण रात्रीचे घासणे चुकवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट व मऊ कुंचल्याचा ब्रश घ्यावा आणि दोन मिनिटे सर्व बाजूंनी हलक्या हाताने घासावे. नंतर फेस थुंकून टाकावा. भराभर पाण्याने चुळा भरू नयेत, कारण त्याने दातांवर राहिलेले फ्लोराइड धुऊन जाते. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. राखुंडी, कोळशाची वा विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण ते कवच झिजल्यामुळे. अशा खरखरीत पुडी टाळाव्यात.

आता मुलांविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण सर्वांत अधिक हानी येथे होते आणि ती अज्ञानाने होते. ‘दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याची मोजदाद नाही. दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या महिन्यास पहिला दात येतो आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वीसही पुरे होतात. त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्या पक्क्या दातांस जागा उरत नाही. मग ते वाकडेतिकडे येतात. शिवाय दात दुखणारे मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. ही हानी दुधाचा दात पडला म्हणून भरून निघत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट सहाव्या वर्षीच्या दाढेची आहे. सहा वर्षांच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, वर दोन व खाली दोन अशा चार नव्या दाढा उगवतात. दात पडल्याशिवाय आल्या म्हणून आईबापांस त्या दुधाच्याच वाटतात. वस्तुतः त्या पक्क्या असतात. त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि मूल खोडकर वयात, खाऊच्या नादात असते. परिणामी आठ-नऊ वर्षांच्या मुलाची जी दाढ आम्हांस काढावी लागते ती पुष्कळदा हीच असते, आणि ही पक्की दाढ आहे असे सांगितल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहवत नाही. यंदाच्या दिवाळीत आपल्या घरातील सहा-सात वर्षांच्या प्रत्येक मुलास उजेडात बसवून, आ करावयास सांगून, शेवटची दाढ पाहावी. तीवर काळी रेघ वा खड्डा दिसला तर सण संपण्याची वाट न पाहता दंतवैद्यास दाखवावे. खाचा खोल असतील तर त्या विशिष्ट लेपाने बुजविता येतात. हे काम वेदनारहित असते आणि दात भरण्यापेक्षा स्वस्त पडते.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांस एक शब्द सांगावयाचा आहे. रात्रपाळीत झोप आवरण्यासाठी तासातासाला गोड चहा घेतला जातो आणि दिवाळीत बोनसबरोबर मिळालेला मिठाईचा डबा यंत्राशेजारी उघडा असतो. डबा एक आणि हात दहा, अशी गंमत असते खरी. परंतु दर तासाचा तो गोड घोट दातांस विश्रांती देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले आहे की, प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी आणि पंचवीसच्या आत ठेविल्यास अधिक उत्तम. पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. पाळीत चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर असा हिशेब केला तर मिठाईचा डबा उघडण्यापूर्वीच मर्यादा ओलांडलेली असते. चहा दोन वेळा गोड घ्यावा आणि बाकी वेळा बिनसाखरेचा घ्यावा किंवा पाणी प्यावे, ही आमची विनंती आहे.

आमच्या भगिनींशी बोलताना एक नाजूक पण अत्यावश्यक विषय काढतो. मिश्री ही भाजलेल्या तंबाखूची पूड आहे. दात घासावयाची म्हणून ती सुरू होते, दाढ दुखते म्हणून कोणी वडीलधारी बाई ती लावावयास सांगते आणि काही महिन्यांतच ती दिवसातून चार-पाच वेळा लागू लागते. तिने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या सुटतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली मनाई केली; परंतु घरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे सासूने सुनेला आणि मुलीने आईला सांगावे लागते. फराळानंतरच्या विड्यातील सुपारीविषयीही सावध असावे. सुपारी ही तंबाखूशिवायदेखील कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास संकोच न करता दाखवावे.

आता घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहू. दिवाळीच्या दिवशी आजोबांच्या पुढे ताट येते. चकली ते चहात बुडवून मऊ करितात, लाडू हाताने चुरून घेतात आणि चिवडा नातवाच्या ताटलीत सरकवितात. ‘वय झाले, दात जायचेच’ असे म्हणून आपण ते पाहत बसतो. दात वयाने जात नाहीत. ते कीड आणि हिरड्यांचा रोग यांनी जातात, आणि हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत. मधुमेह असणाऱ्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे मधुमेह आटोक्यात ठेवणे कठीण होते. ज्यांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी नीट बसणारी कवळी करून द्यावी. ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. आईवडिलांना दिवाळीत धोतरजोडी आणि लुगडे घेतो त्याच प्रेमाने हेही करावे. ज्याने आपणास पहिला घास भरविला त्यास आपल्या घरचा लाडू चावून खाता यावा, यासारखा आनंद कोणता?

सणात दात अचानक दुखू लागला तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात, अडकलेला कण हलकेच काढावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी गिळावी. गोळी कुस्करून हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने दुखणे काही वेळ थांबते, पण रोग थांबत नाही. दुखणे आपोआप बंद झाले म्हणजे दात बरा झाला असेही नव्हे; पुष्कळदा दाताची नस मेलेली असते आणि पू आत साचत असतो. गालावर वा जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना, घास गिळवेना किंवा श्वासास त्रास होऊ लागला, तर लक्ष्मीपूजन असो वा पाडवा, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे. दातातील पू गळ्यात उतरून माणूस दगावू शकतो. ‘भाऊबीज होऊ द्या, मग पाहू’ म्हणून थांबणे अशा वेळी जिवावर बेतते.

फटाक्यांच्या धावपळीत मूल पडून पुढचा पक्का दात समूळ निघाला, तर तो मुळाकडे न धरता पांढऱ्या भागाकडून धरावा. घासू नये. दुधात बुडवून मुलासह शक्य तितक्या लवकर, अर्ध्या तासात पोहोचता आले तर उत्तम, दंतवैद्याकडे न्यावे. तो दात पुन्हा बसविता येण्याची आशा असते. दुधाचा दात मात्र परत बसवीत नाहीत. तसेच बाटलीचे झाकण दाताने उघडणे, अक्रोड दाताने फोडणे, तोरणाचा दोरा दाताने तोडणे या सवयींनी धडधाकट दातांचे तुकडे उडतात, हेही ध्यानात असू द्यावे.

दंतवैद्य कोठे शोधावा, असा प्रश्न आता पडावयास नको. आपल्या देशात पहिले दंत महाविद्यालय १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. त्या काळी खेड्यातील माणसास दाढ दुखली तर जत्रेतील दात उपटणाऱ्याखेरीज आधार नव्हता. आज नागापूरजवळच वडगाव गुप्ता येथे दंत महाविद्यालय आहे, लोणीस आहे. महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्चही सामान्यतः बेताचा येतो. असे असता रस्त्याकडेला बसून अर्ध्या तासात ‘कायमचा दात’ चिकटवून देणाऱ्यांच्या नादी लागू नये. त्या चिकटविलेल्या दाताभोवती अन्न कुजते आणि शेजारचे दोन चांगले दातही जातात.

शेवटी मंडळाच्या चालकांपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एका रविवारी आपल्या मुलामुलींची दंततपासणी दरवर्षी करावी. आमची सेवा त्यासाठी विनामूल्य हजर आहे. दुसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात पेढ्याच्या पुड्याबरोबर एक ब्रश आणि पेस्ट द्यावी. तिसरी महिला मंडळासाठी आहे: येत्या संक्रांतीस हळदीकुंकवाचे वाण म्हणून ब्रशच लुटावा. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणावयाचे, तर तो खाल्ल्यानंतरची तजवीजही त्याच हाताने दिली जाईल. खर्च अल्प आहे. ज्ञातीने विद्यार्थ्यांसाठी निधी उभारिला, विवाहातील अनावश्यक खर्च आवरण्याचे ठराव केले. त्याच एकजुटीने हे काम हाती घेतल्यास आज सहा वर्षांचे असलेले आपले मूल साठीतही स्वतःच्या दातांनी चकली खाईल.

आपण सर्वांनी दिवाळी आनंदाने करावी, पोटभर फराळ करावा, पाहुण्यांस आग्रह करावा. फक्त डब्याचे झाकण लावावे, चूळ भरावी आणि रात्री दात घासल्याशिवाय झोपू नये.